तिकडं मज्जा आली, हे सांगायचं कुणाला?

परभणीच्या कोर्टात मी समुपदेशक म्हणून लागले, तेव्हा पाथरीला माझ्या आईला लेकीचं काम नेमकं काय ते कुणाला सांगताच यायचं नाही. "पोरगी कोर्टात हाय," ती शेजारणींना सांगायची. त्या विचारायच्या, "वकील हाय का?" "न्हाई." "मंग जज्ज?" इथं आई विषय बदलायची. एकदा मी सुट्टीला गेले होते. ज्वारी निवडता निवडता तिनं मलाच विचारलं, "खरं सांग, तू लोकायची घरं मोडायलीस का जोडायलीस?"

मी म्हणाले, "दोन्ही नाही गं. मोडणारी मोडतातच. त्यात लेकरांना फार लागू नये, एवढं बघायचं."

तिनं सुपातली ज्वारी पाखडली. मग म्हणाली, "लय अवघड काम दिलंय की तुला. पगार तरी वेळेवर हाय ना?"

ती नोकरी सुटून आता काही वर्षं झाली. तरी उन्हाळ्यात कुणाच्या घरी कूलर सुरू झाला आणि वाळ्याचा ओला वास आला की मला आमची ती खोली आठवते. कोर्टाच्या मागच्या व्हरांड्याच्या टोकाला होती. एक टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या, लोखंडी कपाट आणि कोपऱ्यात सतरंजीवर टोपलीभर खेळणी. त्यातल्या बाहुलीला एकच हात होता आणि मोटारीला तीन चाकं, पण लेकरांचं काही अडत नसे. खिडकीबाहेर लिंबाचं झाड होतं. त्याच्या सावलीत दोन्हीकडचे नातेवाईक बसायचे. एका बाजूला मुलाकडचे, दुसऱ्या बाजूला मुलीकडचे. मधे थोडी मोकळी जागा असायची, तिथून फक्त चहावाला जायचा.

माझ्या आधीपासून तिथं एक ज्येष्ठ समुपदेशक होते. त्यांना सगळेच सर म्हणत. उंच, किडकिडीत माणूस, बाराही महिने अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट. त्यांचे वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले, त्यामुळे सरांच्या बोलण्यात लिहाज, तकलीफ, दर्द असले शब्द सहज यायचे. पक्षकार कितीही तावातावानं आत आला तरी सर आधी माठातलं पाणी त्याच्या हातात द्यायचे. "आधी पाणी, मग कहाणी," असं त्यांचं वाक्य होतं. पाणी पिताना माणसाला ओरडता येत नाही, हे मला त्यांनीच दाखवलं. आत कुणाशी बोलायच्या आधी ते बाहेर झाडाखाली जाऊन बसायचे. म्हणायचे, "आतले दोघं थकलेले असतात, मॅडम. खरी लढाई बाहेर बसलेले चालवतात."

आमच्याकडे रोज नवरा-बायकोची भांडणं यायची. बहुतेक विसरले. झरीचा तो माणूस आणि वालूरची ती बाई मात्र अजून डोळ्यांपुढं आहेत. नावं सांगणार नाही. त्यांना मी मनातसुद्धा झरीवाला आणि वालूरवाली असंच म्हणत आले.

तो झरीचा बागायतदार. तीन भावांचं एकत्र घर, दारात ट्रॅक्टर, गोठ्यात जनावरं. बोलायला मोठ्या आवाजाचा, मनानं वाईट नव्हता, पण घरात भावांपुढं त्याचा शब्द चालायचा नाही. ती वालूरच्या एका शिक्षकाची मुलगी. स्वतः डी.एड. झालेली. लग्नाच्या वेळी "शिकवू देऊ" असं कबूल झालं होतं. लग्नानंतर "आपल्या घरात बायका नोकरी करत न्हाईत" झालं. त्यावरून सुरुवात झाली, मग सगळ्याच गोष्टींवरून होत गेलं. एक दिवस ती मुलीला घेऊन माहेरी गेली ती परत आलीच नाही. पुढं एकदा हा जीप घेऊन वालूरच्या शाळेपुढं उभा राहिला आणि शाळा सुटल्यावर मुलीला उचलून झरीला घेऊन आला. गावभर बोभाटा झाला, पोलीस झाले, कोर्ट झालं. कोर्टानं मुलगी आईकडं दिली आणि वडिलांना आमच्या खोलीत तिला भेटायची मुभा दिली. भेटी बऱ्या चालल्यात असं दिसल्यावर, एक आठवडा सोडून रविवारी मुलीला झरीला न्यायची परवानगी मिळाली.

तिथून आमची खरी परीक्षा सुरू झाली.

मुलगी दुसरीत होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, पुढचे दोन दात पडलेले. आली की आधी टोपलीतली बाहुली बाहेर काढायची आणि तिला निजवायची. तिचं सगळ्यांशी पटायचं. शिपायापासून सरांपर्यंत सगळ्यांना ती "ओ काका" म्हणायची. एवढी हसरी पोर, पण दोन्ही घरांतून तिच्यावरून एकमेकांविरुद्धच्या तक्रारींचा ढीग येऊन पडायला लागला.

पहिल्यांदा वालूरवाली आली. डोळे सुजलेले. "मॅडम, झरीला जाणं बंद करा. लेकराला तिकडं कच्चा हुरडा चारला. पोट दुखलं तिचं. काकू अंगावर वसकते म्हणती. रात्रभर माझ्या कुशीत हुंदके देत होती."

पुढच्या आठवड्यात झरीवाला. त्याच्याबरोबर त्याचा थोरला भाऊ, जो बोलायची जबाबदारी कायम स्वतःकडं घ्यायचा. "आमच्या लेकीला तिकडं मारायलेत, मॅडम. तिचा आजा मास्तर हाय ना, पाढे आले न्हाई तर छडीनं मारतोय. पोरगीच सांगायलीय. खोटं वाटत असंल तर इचारा तिला."

मी आजोबांना भेटले होते. धोतर, टोपी, हातात पिशवी. त्या पिशवीत नातीसाठी गुळशेंगदाण्याचे लाडू. हा माणूस छडी मारील असं वाटेना. पण वाटण्यावर आमचं काम चालत नाही. मुलीच्या शाळेत जाऊन बाईंना विचारलं, अंगावर वळ आहेत का ते बघितलं, झरीच्या घरीही जाऊन आले. त्या काकूनं मला बळंच जेवायला बसवलं आणि मुलीचा फ्रॉक दाखवला, तिनं स्वतः शिवलेला. कुठंच काही सापडेना. दोन्ही घरांत मुलीवर जीव टाकणारीच माणसं होती आणि दोन्ही घरांत मुलगी दुसऱ्या घरच्या भीषण गोष्टी सांगत होती.

वकिलांना तेवढंच पाहिजे होतं. इकडून अर्ज आला, वडिलांची भेट बंद करा. तिकडून अर्ज आला, मुलीचा ताबा आम्हाला द्या. दोन्हींत पुरावा एकच, मुलीचं बोलणं.

सरांना तोवर वाटत होतं की हे दोघं अजून एकत्र येतील. त्यांच्या काळात त्यांनी कितीतरी संसार पुन्हा सुरू करून दिले होते. पेढ्यांच्या मोठमोठ्या बॉक्ससकट जोडपी भेटायला यायची. सर मला म्हणाले, "दोघांत तिसरं माणूस न्हाई, व्यसन न्हाई, मारझोड न्हाई. नुसती जिद्द हाय. एकदा समोरासमोर बसवू. लेकरासाठी ऐकतील."

मला खात्री नव्हती. पण सरांचा अनुभव मोठा होता, मी दोघांना एकाच दिवशी बोलावलं.

हिवाळ्यातली सकाळ होती. उन्हं खिडकीतून टेबलावर आली होती. दोघांना पाणी दिलं. मुलगी बाहेर व्हरांड्यात आजोबांजवळ होती. सरांनी फार सुंदर सुरुवात केली. मुलीचं वय, तिचं हसणं, तिला आई आणि बाप दोघं लागतात, वगैरे. तो खाली बघून ऐकत होता. मधेच म्हणाला, "मपली काय ना न्हाई. यावं तिनं. झालं गेलं सोडून देतो."

तिनं पदर घट्ट ओढून घेतला. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाली, "सर, तुम्ही वडिलांसारखे आहात म्हणून सांगते. मी इथं त्या लेकराची आई म्हणून आलेय. यांची बायको म्हणून मी कधीच संपलेय. मला त्या घरात परत पाठवू नका. मी तिथं जिवंत राहीन, पण नुसती जिवंतच राहीन."

"म्हंजी आमी काय खायला उठलो होतो का तुला?" तो खुर्ची सरकवून उभा राहिला. खुर्ची पडली. बाहेर आवाज गेला तसे त्याचे भाऊ धावत आले, हिचे मामा धावत आले, दारात ढकलाढकली झाली. शिपायानं सगळ्यांना मागं सारलं. त्या गोंधळात मला मुलगी दिसली. दाराच्या चौकटीला चिकटून उभी, दोन्ही हात पोटावर दाबलेले.

"काय झालं गं?"

"पोट दुखायलंय."

मी तिला आत घेऊन दार लावलं. सगळे बाहेर. सर खुर्ची उचलून जागेवर ठेवत होते. मी त्यांच्याकडं बघितलं तर माणूस एकदम म्हातारा दिसला. "तुम्ही बसा हिच्याजवळ," ते हळूच म्हणाले. "मी बाहेरच्यांना बघतो."

सतरंजीवर आम्ही दोघी बसलो. तिनं बाहुली घेतली, निजवली, उठवली, परत निजवली.  थोड्या वेळानं मी खेळण्यातली चूल मांडली आणि म्हणाले, "आपण हुरडा भाजू. तुला येतो का भाजायला?"

"असा न्हाई भाजत," ती लगेच म्हणाली. "खड्डा करावा लागतो. त्यात गवऱ्या. मंग कणसं खुपसायची. मंग काका असं हातावर चोळतो." तिनं तळहातावर तळहात घासून दाखवला. "गरम गरम असतो. आन् शेंगाची चटणी. आन् बोरं. मी तर काकापेक्षा जास्त खाल्ला!"

"गोड होता का?"

"लय गोड!"

"आणि पोट?"

ती बाहुलीच्या केसांतून बोट फिरवत राहिली. मग अगदी हळू आवाजात, जणू बाहुलीलाच सांगतेय असं म्हणाली, "पोट न्हवतं दुखलं."

"मग आईला का सांगितलंस गं तसं?"

"आई विचारती ना, तिकडं काय काय झालं. मी म्हन्ले मज्जा आली, तर तिचं तोंड असं होतंय." तिनं स्वतःचं तोंड उतरवून दाखवलं. दात पडलेलं ते इवलंसं तोंड, पण तिच्या आईचा चेहरा हुबेहूब आला. "मंग मी म्हन्ले, पोट दुखलं. मंग तिनं मला जवळ घेतलं. मंग ती बरी झाली."

"आणि बाबा?"

"बाबाबी तसंच करतो. आजोबानं मला जहाज करून दिलं कागदाचं, ते सांगितलं तर तो बोललाच न्हाई. जीप नुसती जोरात पळवली. मंग मी सांगितलं आजोबा मारतेत. मंग त्यानं मला कुल्फी दिली."

आजोबांनी कधी मारलं का, हे मी तरीही विचारलं. ती हसायलाच लागली. "आजोबाला छडी कुठून येईल? त्येंची शाळा संपली की!"

मी उठून खिडकीजवळ गेले. बाहेर सर दोन्ही घोळक्यांच्या मधल्या त्या मोकळ्या जागेत उभे राहून काहीतरी सांगत होते.  एवढ्या मोठ्या माणसांचं, वकिलांचं, अर्जांचं जे काही चाललं होतं, ते या पोरीनं दोघांना आनंदात ठेवण्यासाठी केलेल्या धडपडीवर उभं होतं. ज्याच्याजवळ असेल त्याचं दुःख ती कमी करत होती. तिला एवढाच उपाय सापडला होता.

मी तिच्यासमोर परत बसले. "हे मी आईबाबांना सांगितलं तर चालेल का? तुला कुणी रागावणार नाही, ते माझ्याकडं लागलं."

तिनं बराच विचार केला. "आधी बाबाला सांगा," ती म्हणाली. "त्याला राग आला तरी तो लवकर विसरतो. आईला सांगताना तुमी तिच्याजवळ बसा."

तसंच केलं. झरीवाल्याला एकट्याला आत बोलावलं, भावाला बाहेर ठेवलं. भाऊ नको म्हणत होता, पण सर त्याच्या खांद्यावर हात टाकून "चला, आपण चहा घेऊ" म्हणत त्याला घेऊन गेले. मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं हा चिडेल, मुलीला शिकवून आणलं म्हणेल. त्यानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्यानं एकच विचारलं.

"म्हंजी मॅडम, तिला हुरडा आवडला व्हता?"

"तुमच्या भावापेक्षा जास्त खाल्ला म्हणते."

तो हसला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. उपरण्यानं पुसायचा, परत यायचं. "मी तिला आगटीजवळ बसवलं व्हतं," तो म्हणाला. "आन् कोर्टाचा कागद आला, कच्चा चारला म्हणून. मला वाटलं, तिला माझ्या हातचं काहीच आवडत न्हाई."

वालूरवालीला सांगायला मी तिच्या शेजारची खुर्ची घेतली. ती रडली नाही. तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "ती जीपमधून उतरली की मी आधी तिचं तोंड बघते. सुकलंय का बघते. सुकलेलं असलं की मला..."   मग तिनं विचारलं, "आता काय करू? ती आल्यावर काय म्हणू?"

"म्हणायचं, मज्जा केलीस का? बरं झालं. आणि काही विचारायचं नाही. ती सांगेल ते ऐकायचं."

"एवढंच?"

"एवढंच. म्हणून बघा आता."

तिनं तोंड उघडलं, पण शब्द येईनात. "मज्जा..." आणि थांबली. परत "मज्जा केली..." आणि परत अडली. तेवढ्यात सर आत आले. त्यांना मी थोडक्यात सांगितलं. त्यांनी एक क्षण विचार केला, शर्ट झटकला आणि दारापर्यंत मागं गेले. तिथून हा साठीला टेकलेला, सहा फुटी माणूस उड्या मारत आत आला आणि बारीक आवाजात म्हणाला, "आई, आई! मी आले! आज मी बाबाच्या वासराला पाणी पाजलं!"

ती बघतच राहिली. मीही. मग ती फिस्सकन हसली, तोंडावर पदर धरला, आणि त्या हसण्यातच तिच्या तोंडून निघून गेलं, "मज्जा केलीस का? बरं झालं!"

"परत," सर त्याच आवाजात म्हणाले. "मला ऐकू न्हाई आलं."

तिनं परत म्हटलं. चार-पाच वेळा म्हटलं. शेवटी शेवटी तर न अडखळता. पुढं झरीवाल्याकडूनही हेच करून घेतलं. तो सरांना लेक मानायला काही केल्या तयार होईना, "सर, तुमाला बघून हसूच यायलंय" म्हणायचा. त्या खोलीत मी पुष्कळ वर्षं काढली, पण एवढं हसल्याचं दुसरं आठवत नाही.

पुढच्या रविवारी मुलीची ने-आण कोर्टाच्या दारातून नको, असं दोघांनीच ठरवलं. झरी आणि वालूरच्या मधे एक फाटा आहे, तिथल्या हॉटेलापुढं भेटायचं ठरलं. मी आणि सर दोघंही गेलो. तसं नियमात बसत नव्हतं म्हणून सर म्हणाले, "आपण भजी खायला चाललोत." संध्याकाळचं ऊन ज्वारीवर पडलं होतं. बाकड्यावर बसून आम्ही खरंच भजी खाल्ली. ती आणि आजोबा आधीच येऊन थांबले होते. मग जीप आली. बरोबर भाऊ नव्हता, तो एकटाच होता.

मुलगी उतरली. आईच्या अलीकडं दोन हात अंतरावर थांबली आणि आधी आईच्या तोंडाकडं बघितलं. मग वळून बापाच्या तोंडाकडं. मला तिचं ते बघणं आजही दिसतं.

"मज्जा केलीस का?" आईनं विचारलं. आवाज थोडा घोगरा आला, पण आला. "बरं झालं."

मुलगी तिथंच उभी राहिली. जीपमधून त्यानं हात दाखवला, म्हणाला, "आजोबाला जहाज करायला सांग बरं का. मोठं." आणि गाडी वळवली.

मुलगी, आई आणि आजोबा वालूरला जाणाऱ्या भाड्याच्या जीपमध्ये बसले. गाडी सुटायच्या आधी मागच्या बाकावरून तिचा आवाज आमच्यापर्यंत आला. "आई, तिकडं ना, वासरू झालंय, आन् त्याच्या कपाळावर चांदणी हाय, आन् काकू म्हणाली त्याचं नाव मीच ठेवायचं..." ती बोलतच राहिली. गाडी दूर गेली तरी आम्ही तिकडंच बघत होतो. सरांनी हातातलं भजं तसंच बशीत ठेवलं होतं.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मी सांगणार नाही. दिवाळीत कुणाकडं राहायचं यावरून परत ताणाताणी झाली. थोरला भाऊ मधे पडला, हिचे मामा मधे पडले. एका रविवारी तो आलाच नाही आणि मुलगी फाट्यावर ऊन उतरेपर्यंत बसून राहिली. त्या वेळी वालूरवालीनं मला फोन केला आणि इतकं बोलली की ऐकवेना. पण या सगळ्यात एक गोष्ट बदलली होती. आता अर्जांमध्ये मुलीचं बोलणं येत नव्हतं. दोघांनी एकमेकांना काय वाटेल ते म्हटलं, लेकराच्या तोंडून म्हटलं नाही. भेटी बंद करायचा अर्ज तिनं मागं घेतला. ताब्याचा त्यानं घेतला.

शेवटी दोघांनी संमतीनं घटस्फोट घेतला. त्या दिवशी सर माझ्याआधी येऊन खोलीत बसले होते. मी विचारलं, "वाईट वाटतंय का, सर?" त्यांनी मान हलवली. "थोडं वाटतंय. मला वाटायचं, घर म्हंजी नवरा-बायकोनं एका छपराखाली राहणं. माझ्या वडिलांनी मला तेच शिकवलं. आता या वयात दुसरं शिकायला तकलीफ होते." मग हसून म्हणाले, "पण शिकायलोय."

निकाल झाल्यावर बाहेर ती दोघं व्हरांड्यात उभी होती. कुणालाच आधी निघावंसं वाटत नव्हतं, असं मला वाटलं. तो एकदम चहावाल्याकडं गेला, दोन ग्लास घेऊन आला आणि एक तिच्यापुढं धरला. तिनं घेतला. उभ्या उभ्याच प्याली.  ग्लास परत देताना ती म्हणाली, "तिचं तिसरीचं गणित कच्चं हाय. तिकडं आली की घोकून घ्या." तो म्हणाला, "घेतो." आणि मग दोघं दोन बाजूंनी गेले.

ती पुढं एका शाळेत शिकवायला लागली. त्यानं काही वर्षांनी दुसरं लग्न केलं. सर निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाला त्यांनी भाषण केलं नाही, सगळ्यांना स्वतःच्या हातानं माठातलं पाणी दिलं. वर्षातून एखादा त्यांचा फोन यायचा. गेल्या उन्हाळ्यात ते गेले. मी त्यांच्या मातीला गेले होते तेव्हा घरच्यांच्या गर्दीत किती तरी अनोळखी जोडपी दिसली. बायका पदरानं डोळे पुसत होत्या, आणि त्यातली काही अशी होती की नवरा एकीकडं उभा आणि बायको दुसरीकडं, पण आले दोघंही होते.

आता राहिलं त्या मुलीचं. परवा मी परभणीच्या बसस्टँडवर पाथरीच्या गाडीची वाट बघत बसले होते. एक उंच तरुण पोरगी माझ्याकडं बघत होती. पाठीला कॉलेजची सॅक, केस कापलेले. ती जवळ आली. "तुम्ही कोर्टातल्या मॅडम ना? आईच्या मोबाईलमध्ये तुमचा फोटो आहे. सरांबरोबरचा."

वालूरवालीनं कधी काळी आमचा फोटो काढला होता हे मलाच आठवत नव्हतं. पण डोळे बघितल्यावर ओळख पटली. ती शेतीचं शिक्षण घेत होती. वडिलांची जमीन आता तीच बघणार म्हणाली, धाकटा सावत्र भाऊ अजून शाळेत होता. सुट्ट्या निम्म्या वालूरला, निम्म्या झरीला. सावत्र आईच्या हातच्या धपाट्यांचं तिनं फार कौतुक केलं आणि मग, "आईला सांगितलं तर ती म्हणते रेसिपी विचारून ये," असं म्हणून हसली.

मी विचारलं, "तुला आमची खोली आठवते का?"

तिनं भुवया आकसून आठवायचा प्रयत्न केला. खरोखर प्रयत्न केला. "नाही हो मॅडम," ती ओशाळून म्हणाली. "आई सांगते मी तिथं यायचे. पण काहीच आठवत नाही. तिथं काय व्हायचं?"

 त्या खोलीतली खुर्ची पडलेली, दारातली ढकलाढकली, पोटावर दाबलेले हात, सगळं माझ्याकडं होतं आणि तिच्याकडं काहीच नव्हतं. एवढा आनंद मला त्या नोकरीत क्वचित झाला असेल.

"काही नाही गं," मी म्हणाले. "तू खेळायचीस. लय बोलायचीस."

"ते अजून करते," ती म्हणाली. तेवढ्यात तिची गाडी लागली. दाराशी झुंबड उडाली. तिनं खिडकीतून सॅक टाकून जागा धरली, मग घाईनं मागं फिरली, वाकून नमस्कार केला आणि गर्दीत घुसली.